'मानसोपचार' म्हणजे गोळ्याच का?

परळहून एका बाईंनी विचारलंय: भावाला एकाने 'मानसोपचार घ्या' म्हणून सांगितलं, दुसऱ्याने 'समुपदेशन घ्या'. पहिलं म्हणजे गोळ्या आणि दुसरं म्हणजे नुसतं बोलणं, असं धरायचं का?

नाही. पण आधी 'समुपदेशन'वरचा राग काढू द्या. 'पोलिसांनी तरुणांचे समुपदेशन करून त्यांना सोडून दिले.' अहो, याला दम भरणं म्हणतात! लोकलमध्येही ऐकू येतं, 'सूनबाईचं जरा कौन्सिलिंग करा.' म्हणजे तिला चार शब्द सुनवा.

वर या शब्दाची एक गोग्गोड फोड व्याख्यानांतून फिरते: सम म्हणजे समान, म्हणून बरोबरीच्या नात्याने केलेला उपदेश. भाव छान, व्याकरण शून्य. 'सम' असता तर सूर्योदयासारखा संधी होऊन 'समोपदेशन' झालं असतं. इथे आहे तो 'सम्' उपसर्ग, समुच्चयातला. आणि पुढचा धातू दिश्, म्हणजे दाखवणं. बोट दाखवणं या शब्दाच्या पोटातच आहे, पोलिसांना तरी किती बोलणार?

'मानसोपचार' मात्र अस्सल सोनं. उप म्हणजे जवळ, चर् म्हणजे चालणं. जवळ जाऊन केलेली सेवा तो उपचार. षोडशोपचार पूजेत औषध कुठे असतं? आवाहन, आसन... या, बसा! ग्रीकमध्ये 'थेरपी'च्या मुळाशीही सेवाच आहे. आणि मजा म्हणजे हा शब्द दवाखान्यात येण्याआधी पोथीत होता. 'मानसोपचारैः संपूज्य', म्हणजे मनातल्या मनात पूजा करून. गिरगावात आमची आत्या डोळे मिटून बसायची. हातात ना फूल, ना गंध. बोटं मात्र गंध लावल्यासारखी हलायची. तिथे मानसोपचार म्हणजे मनाने केलेले उपचार, आज म्हणजे मनावरचे.

माझं म्हणणं असं (कोशकार नाकं मुरडोत), की बोलून करायच्या उपचारांत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धत घ्या. दादरला फास्ट लोकल चुकली, ही घटना. 'मी कशाच्याच लायकीचा नाही', ही समजूत. दिवसभर पोटात गोळा, हा परिणाम. एलिस म्हणतात, गोळा लोकलमुळे नाही, समजुतीमुळे आला. ती समजूत तपासा, तिच्याशी वाद घाला. हा वाद घालायचा कोणी? आधी तज्ज्ञाच्या सोबतीने, पण शेवटी ज्याची गाडी चुकली त्यानेच, घरी, वहीत लिहून. म्हणजे मनावरचा उपचार मनानेच केलेला! आत्याला हे लगेच पटलं असतं.

हां, भाऊ राहिलाच. मानसोपचार या शब्दात गोळ्याही येतात आणि बोलणंही, आणि काही आजारांत दोन्ही लागतात. पाटीवरचा शब्द सोडा, खालची पदवी वाचा: एमडी सायकिअॅट्री असेल तर ते डॉक्टर, औषध लिहून देऊ शकतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, बोलून उपचार करतात, औषध लिहून देत नाहीत. आणि कोणी 'समोपदेशन केंद्र' अशी पाटी लावली असेल, तर मला फोटो पाठवा.