सही करण्याआधी शेअर-वाटपाची तारीख बघा

नाशिकच्या एका वाचक ताईंनी डिसेंबर 2021 मध्ये 72 लाखांना फ्लॅट विकला. त्यात 46 लाखांचा दीर्घकालीन नफा झाला. सगळी रक्कम त्यांनी भाच्याच्या नव्या स्टार्टअप कंपनीत घातली, 30 टक्के शेअर घेतले आणि आयकर कायद्याच्या कलम 54जीबीखाली त्या नफ्यावरचा कर वाचवला. आता एक गुंतवणूकदार दिवाळीआधी त्यांचे शेअर घ्यायला तयार आहे. त्या विचारतात, "साडेबारा टक्के कर भरला की मी मोकळी ना?"

नाही, ताई. साडेबारा टक्के हा शेअरवरच्या नफ्याचा कर झाला. या कलमाचं चौथं उपकलम वाचा: शेअर घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत विकले किंवा अन्य रीतीने हस्तांतरित केले, तर फ्लॅटचा माफ झालेला नफा त्या वर्षी तुमचं उत्पन्न म्हणून परत येतो. 46 लाखांवर आजच्या दराने धरलं तरी पावणेसहा लाख होतात, उपकर वेगळा. जुना कायदा जाऊन 2025 चा आला म्हणून ही अट सुटली, असं कुणी सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नका.

पाच वर्षं कधीपासून मोजायची, हा खरा प्रश्न. तुम्ही लिहिता, "पैसे मे 2022 ला दिले." पैसे दिल्याची तारीख इथे उपयोगाची नाही. वाटप होईपर्यंत शेअर अस्तित्वातच येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये श्री गोपाल जालान प्रकरणात सांगितलं आहे. तुमच्या पत्राप्रमाणे वाटपाचा ठराव 20 जुलै 2022 चा. म्हणजे 20 जुलै 2027 उलटेपर्यंत थांबायचं. ही तारीखही तुम्हाला भाच्याकडून फोनवर कळली! 72 लाख गुंतवून चार वर्षांत शेअर सर्टिफिकेट मागितलं नाहीत, याला काय म्हणावं? कंपनी निबंधकाकडे दाखल केलेल्या पीएएस-3 ची, म्हणजे शेअर-वाटपाच्या विवरणपत्राची, प्रत आजच काढून घ्या.

दुसरा धोका तुमच्या हातातही नाही. कंपनीने तुमच्या पैशातून घेतलेली यंत्रं पाच वर्षांत विकली, तरी कर तुमच्यावरच येतो. संगणक आणि सॉफ्टवेअरला ही मुदत तीन वर्षांची आहे. भाच्याने "एक जुनं मशीन काढून टाकलं" असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते कोणतं, कधी घेतलं, कधी विकलं, याची बिलं मागवा. ते याच पैशातलं असेल तर त्या प्रमाणातच कर लागावा, असा युक्तिवाद करता येईल. पण कलमाची भाषा तुमच्या बाजूने स्पष्ट नाही आणि अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात.

मूळ सवलत योग्य होती का, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. नुसती स्टार्टअप मान्यता पुरत नाही, आंतर-मंत्रालयीन मंडळाचं (करसवलतीला पात्र स्टार्टअप ठरवणारी केंद्र सरकारची समिती) प्रमाणपत्रही लागतं. शिवाय कंपनीची स्थापना 1 एप्रिल 2021 ते तुमच्या विवरणपत्राची शेवटची तारीख, म्हणजे 31 जुलै 2022, या काळातली हवी. (हे कलम वाचून आज घर विकायला निघालेल्यांसाठी: 31 मार्च 2022 नंतरच्या विक्रीला ही सवलत नाही.)

गुंतवणूकदाराला घाई असेल तर कंपनीने त्याला नवे शेअर द्यावेत. तुमचा वाटा 25 टक्क्यांखाली गेला तरी, माझ्या मते, अट मोडत नाही. 25 टक्क्यांहून जास्त वाटा असण्याची ती अट तुम्ही शेअर घेतले त्या वेळची आहे. मात्र ते पैसे कंपनीला मिळतील, तुम्हाला नाही. मुलीच्या नावे बक्षीस देण्याचा विचारही आत्ता नको, "अन्य रीतीने" या शब्दांत तेही ओढलं जाऊ शकतं.

20 जुलै 2027 उलटेपर्यंत एसएच-4 या शेअर हस्तांतरणाच्या फॉर्मवर सही करू नका, तारीख न घालताही नाही. आणि इसार म्हणून एक रुपयाही घेऊ नका.