40 सर्व्हर नेटवर्कवरून इन्स्टॉल करायचे आहेत. किकस्टार्टची प्रोफाइल किती आणि कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अल्मालिनक्स 9, 40 सर्व्हर, तीन तऱ्हांचं हार्डवेअर, कामंही तीन: वेब, डेटाबेस आणि स्टोरेज. कॉब्लर (नेटवर्कवरून इन्स्टॉल करून देणारं सॉफ्टवेअर) चालू झालंय. आता प्रत्येक सर्व्हरला वेगळी किकस्टार्ट फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं) करायची, की सगळ्यांना मिळून एकच? (आज्ञांची नावं खाली उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत.)

दोन्ही नको. प्रोफाइल कामाची असते, यंत्राची नाही. 40 फाइली केल्यात तर उद्या एनटीपीचा (घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता बदलला की 40 ठिकाणी दुरुस्ती, आणि त्यातल्या तीन राहणारच. कॉब्लरमध्ये तीन थर आहेत, ते तसेच वापरा. डिस्ट्रो म्हणजे फक्त कर्नल आणि इनिटआरडी (बूट होताना लागणारी सुरुवातीची फाइलसिस्टम). प्रोफाइल म्हणजे टेम्प्लेट, कर्नलचे पर्याय आणि व्हेरिएबल. सिस्टम म्हणजे मॅक (नेटवर्क कार्डचा पत्ता), आयपी आणि होस्टनेम. तुमच्यासाठी डिस्ट्रो एक, एक मूळ प्रोफाइल आणि तिला पेरेंट मानणारी तीन उपप्रोफाइल एवढं पुरे. टेम्प्लेट फाइल एकच ठेवा. रूटचा आकार, पॅकेजची यादी, डिस्क ओळखायचा नियम हे सगळं उपप्रोफाइलच्या व्हेरिएबलमधून येऊ द्या. हार्डवेअरच्या फरकासाठी नवं प्रोफाइल करायचा मोह होईल, पण त्यातला बहुतेक फरक %प्री विभाग (इन्स्टॉलच्या आधी चालणारी स्क्रिप्ट) स्वतः ओळखू शकतो.

खरा वेळ द्यायचा तो डिस्कच्या भागाला. बाकी काही चुकलं तर पुन्हा इन्स्टॉल करता येतं. इथे चुकलं तर डेटा जातो. 'क्लिअरपार्ट ऑल' (सगळी पार्टिशन पुसा) लिहून सोबत 'इग्नोरडिस्क ओन्ली-यूज' (फक्त याच डिस्क वापरा) दिलं नाही, तर इन्स्टॉलरला दिसणारी प्रत्येक डिस्क साफ होते: स्टोरेज सर्व्हरच्या डेटा डिस्क आणि सॅनवरून (स्टोरेजच्या नेटवर्कवरून) जोडलेले लन, म्हणजे दूरच्या डिस्कसुद्धा. आणि 'ओन्ली-यूज'ला एसडीए असं नाव देणं म्हणजे नशिबावर सोडणं. एसडीए, एसडीबी हा क्रम प्रत्येक बूटला तोच राहील याची हमी कर्नल देत नाही, बीएमसीची (सर्व्हर दुरून सांभाळणाऱ्या चिपची) व्हर्च्युअल सीडी किंवा यूएसबी मधेच घुसते, आणि एनव्हीएमई डिस्क असेल तर नावाची तऱ्हाच वेगळी.

म्हणून %प्रीमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहा. एलएसबीएलके या डिस्क दाखवणाऱ्या आज्ञेकडून डिस्कचा आकार बाइटमध्ये, प्रकार, रिमूव्हेबल आहे का आणि ट्रान्सपोर्ट एवढं मागवा. यूएसबी आणि रिमूव्हेबल गाळा, प्रोफाइलने दिलेल्या आकाराच्या मर्यादेत बसणाऱ्या डिस्क मोजा. अपेक्षेइतक्याच सापडल्या तर इग्नोरडिस्क, क्लिअरपार्ट आणि पार्टच्या ओळी टेम्पमधल्या एका फाइलमध्ये लिहा आणि मुख्य किकस्टार्टमध्ये %इन्क्लूडने ती ओढा. एक कमी किंवा एक जास्त सापडली तर स्क्रिप्टने त्रुटीसह बाहेर पडायचं. विभागाला 'एरर-ऑन-फेल' लावलेलं असेल तर इन्स्टॉल तिथेच थांबतं. अंदाज बांधणारी स्क्रिप्ट इथे नको. मर्यादा ठरवताना लक्षात ठेवा: डबीवर 480 जीबी लिहिलेली एसएसडी एलएसबीएलकेच्या नेहमीच्या छापणीत 447 जी दिसते.

'झिरोएमबीआर' (कोऱ्या डिस्कवर नवा पार्टिशन तक्ता लिहायची परवानगी) विसरू नका. तो नसेल तर कोऱ्या डिस्कवर इन्स्टॉलर प्रश्न विचारून थांबतो आणि रॅकमध्ये कोणी उत्तर द्यायला नसतं. जुन्या सॉफ्टवेअर रेडचे (अनेक डिस्क मिळून एक, म्हणजे ॲरे) किंवा एलव्हीएमचे (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारा थर) अवशेष असतील तर डिस्क व्यस्त असल्याची तक्रार येते. निवडलेल्या डिस्कवर, आणि फक्त त्याच डिस्कवर, आधी ॲरे थांबवून मग वाइपएफएस (जुन्या खुणा पुसणारी आज्ञा) चालवा.

पार्टिशनचे आकार एमआयबीमध्ये लिहायचे असतात. यूईएफआयसाठी (नव्या तऱ्हेच्या फर्मवेअरसाठी) 600, बूटसाठी 1024, रूटला 61440 म्हणजे 60 जीआयबी, उरलेली सगळी जागा एलव्हीएमच्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी. रूटला 'ग्रो' (उरलेली जागाही घे) लावू नका. एक्सएफएस ही फाइलसिस्टम वाढवता येते, लहान करता येत नाही. सगळी जागा रूटला दिलीत की डेटाबेससाठी वेगळा व्हॉल्यूम काढायचा मार्ग बंद.

नेटवर्कच्या ओळीत इंटरफेसचं नाव लिहू नका, कारण तीन तऱ्हांच्या हार्डवेअरवर ते तीन वेगळे असणार. डिव्हाइसच्या जागी मॅक पत्ता चालतो, आणि तो सिस्टम नोंदीतून आपोआप भरता येतो.

सेंटओएस 7 च्या काळातली फाइल आणून वापरत असाल तर एक अडचण नक्की येईल. 9 मध्ये बूटचे पर्याय 'इन्स्ट डॉट' हा उपसर्ग लावूनच लिहावे लागतात. नुसतं 'केएस=' लिहिलं तर ते दुर्लक्षित होतं आणि तक्रार न करता हाताने भरायची इन्स्टॉल स्क्रीन उघडते. केएसव्हॅलिडेटर या फाइल तपासणाऱ्या आज्ञेला आरएचईएल 9 ही आवृत्ती सांगून फाइल तपासा. पण टेम्प्लेट नाही, कॉब्लरने तयार करून दिलेली अंतिम फाइल तपासा. %प्री, %पोस्ट (इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट) आणि पॅकेजच्या यादीत तो डोकावत नाही, हेही ध्यानात असू द्या.

टेम्प्लेट चीता या टेम्प्लेट-भाषेतलं असेल तर डॉलर आणि हॅश ही चिन्हं त्याची स्वतःची आहेत. %पोस्टमधल्या शेल स्क्रिप्टमध्ये तीच असतात, मग फाइल तयार होतानाच फुटते किंवा व्हेरिएबल गुपचूप बदलतात. स्क्रिप्टचा तो भाग 'रॉ' आणि 'एंड रॉ' यांच्यामध्ये ठेवा. %पोस्ट शक्य तितका छोटा हवा: एसएसएच की, लॉग फाइल, बस्स, बाकी ॲन्सिबल या कॉन्फिगरेशनच्या साधनाकडे. तिथे सर्व्हिस एनेबल होते, स्टार्ट होत नाही, कारण आपण क्रूटमध्ये (अजून बूट न झालेल्या नव्या सिस्टमच्या फाइलींमध्ये) असतो. पासवर्ड हॅश करूनच लिहा, आणि तरी ती फाइल एचटीटीपीवरून त्या नेटवर्कमधल्या कुणालाही वाचता येते असं धरून चला.

नेटवर्कवरून बूटच (पीएक्सई) होत नसेल तर स्क्रीनवरचा कोड वाचा. बायोसमध्ये (जुन्या तऱ्हेच्या फर्मवेअरमध्ये) ई51 म्हणजे डीएचसीपीचं (आयपी पत्ता देणाऱ्या सेवेचं) उत्तर आलं नाही, ई53 म्हणजे उत्तर आलं पण बूट फाइलचं नाव नव्हतं, ई32 म्हणजे टीएफटीपी (बूट फाइल देणारी सेवा) उघडेना. ई51 असेल तर स्विचच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) आहे का बघा. नसेल तर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधला फेरा टाळणारा प्रोटोकॉल) 30 सेकंद घेतो आणि तोवर कार्डचा धीर सुटतो. एलएसीपीचे (एकत्र बांधलेले) पोर्ट असतील तर स्विचवर फॉलबॅक (बांधणी झाली नसतानाही पोर्ट चालू ठेवणं) लागतो. बायोस आणि यूईएफआय दोन्ही असतील तर डीएचसीपीने पर्याय 93 (यंत्राच्या फर्मवेअरचा प्रकार) बघून वेगळी फाइल द्यायला हवी: 0 असेल तर पीएक्सईलिनक्स हा बूटलोडर, 7 असेल तर शिम (सिक्युअर बूटसाठी सही केलेला पहिला बूटलोडर). सिक्युअर बूट चालू असेल तर शिम, ग्रब आणि कर्नल तिन्ही एकाच डिस्ट्रोचे घ्या.

आधी व्हर्च्युअल मशीनवर चालवून बघाल तेव्हा मेमरी 4 जीबी द्या. एचटीटीपीवरून इन्स्टॉल करताना इन्स्टॉलरच्या दुसऱ्या टप्प्याची इमेज रॅममध्ये उतरते. 2 जीबीवर 'डिस्कवर जागा नाही' असा दिशाभूल करणारा संदेश येतो. अडकलं तर कंट्रोल-बी आणि मग 2 दाबून शेल मिळतं. टेम्पमधला स्टोरेज लॉग सर्वात आधी उघडा.

आणि 'पीएक्सई जस्ट वन्स' (नेटवर्कवरून इन्स्टॉल एकदाच) ही कॉब्लरची सेटिंग चालू आहे ना, बघा. ती नसेल, किंवा इन्स्टॉल संपल्याचं कॉब्लरला कळवणारा स्निपेट (तयार छोटा तुकडा) %पोस्टच्या शेवटी नसेल, आणि बूट क्रमात नेटवर्क पहिलं असेल, तर सर्व्हर रीबूट झाला की पुन्हा पहिल्यापासून स्वतःला पुसून इन्स्टॉल करू लागतो. नोंद नसलेल्या मॅकसाठीचा डिफॉल्ट मेन्यूसुद्धा लोकल डिस्कवरून बूट करणाराच ठेवा.