सेव्ह केलेल्या पोस्टचं काय करायचं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

प्लास्टिक कमी करायच्या पोस्ट फोनमध्ये साठत चालल्यात आणि कचऱ्याची पिशवी मात्र होती तेवढीच भरते, असं तू लिहिलंस. उलट्या टोकाने सुरुवात केली की असंच होतं. इंटरनेटवर आधी उपाय दिसतो आणि मग आपण त्याला साजेसा प्रश्न घरात शोधत बसतो. कोणी बांबूचे चमचे दाखवले की ते घ्यावेसे वाटतात. प्लास्टिकचे चमचे आपल्याकडे मुळात येतच नव्हते, हे तेव्हा आठवत नाही.

म्हणून सात दिवस काहीच शोधू नकोस. एक खोकं घे आणि घरातलं फेकायचं सगळं प्लास्टिक त्यात टाक. टाकण्याआधी प्रत्येक वस्तू विसळून वाळव, नाहीतर तिसऱ्या दिवशी वास सुटेल आणि घरचेच खोकं बाहेर काढतील. बाहेर खाता-पिताना हातात आलेलं प्लास्टिक फोनवर नोंदव. आठवडा रोजच्यासारखा असावा, सणासमारंभाचा किंवा प्रवासाचा नको. शेवटी खोकं कागदावर ओत आणि ढीग लाव: स्वयंपाकघर, न्हाणीघर, पार्सल, बाहेरचं खाणं. वजन करू नकोस, नग मोज. पातळ पिशव्या काट्यावर जवळजवळ दिसतच नाहीत, पण बहुतेक घरांत संख्येने त्याच जास्त निघतात. शांपूची बाटली दोन महिन्यांतून एकदा संपते, ती या मोजणीत सापडणार नाही. त्यासाठी न्हाणीघरातलं फडताळ वेगळं बघून घे.

सर्वांत मोठे दोन ढीग निवड आणि त्यांपुरतंच शोध. शोधण्याआधी एक प्रश्न मात्र विचार: हे प्लास्टिक तिथे काय काम करत होतं? ओल धरून ठेवत होतं, हवा अडवत होतं, गळती थांबवत होतं, की नुसतंच वेष्टन होतं? नुसतं वेष्टन असेल तर पर्याय लागतच नाही. बाकी ठिकाणी जो पर्याय तेच काम करतो तोच टिकतो. उरलेले फोटोत छान दिसतात.

पालेभाजीचंच बघ. प्लास्टिकची पिशवी पानांतली ओल बाहेर जाऊ देत नाही. पिशवी काढून भाजी नुसत्या कापडात गुंडाळली तर दोन दिवसांत माना टाकते आणि माणूस पुन्हा पिशवीकडे वळतो. कापड सुती घे, भिजव आणि पाण्याचा थेंब पडणार नाही इतकं पिळ. भाजी धुतली असेल तर आधी पूर्ण निथळू दे. मग सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेव. कापड दोन-तीन दिवसांनी बदल. कापड फार ओलं राहिलं तर देठाकडून पानं काळी पडून चिकट होतात, फार कोरडं झालं तर कडा सुकतात. एकदा हाताला अंदाज आला की झालं.

मेणकापडाचे, म्हणजे भांडी झाकायला मेण लावलेल्या सुती कापडाचे, व्हिडिओ तुला ढिगाने दिसतील. मधमाश्यांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून गरम भांड्यावर ते चालत नाही आणि गरम पाण्याने धुताही येत नाही. कच्च्या मांसासाठीही नको, कारण जंतू मारण्याइतकं गरम पाणी त्याला सोसत नाही. घरी करताना नुसतं मेण लावलं तर घडीवर तडे जातात आणि कापड भांड्याला धरत नाही. चिकटपणा राळेमुळे येतो आणि लवचीकपणा थोड्या तेलामुळे. हे सगळं खरं, पण वाडग्यावर ताटली झाकली तरी तेच काम होतं. ताटलीचा व्हिडिओ कोणी बनवत नाही, एवढाच काय तो फरक!

शोधताना ‘प्लास्टिकमुक्त जीवन’ असं मोघम टाकू नकोस. वस्तू आणि तिचा दोष असं जोडून टाक: ‘शांपू बार चिकट केस’, ‘मेणकापड बुरशी’, ‘स्टील डबा गळतो’. नव्याकोऱ्या वस्तूची ओळख करून देणाऱ्यापेक्षा सहा महिने वापरून बोलणाऱ्याचं ऐक. प्रत्येक पोस्टखाली खरेदीची लिंक देणाऱ्यांना माझ्या मते बिनदिक्कत अनफॉलो करावं. त्यांचा धंदा नवीन वस्तूंचा आहे आणि तुझं काम वस्तू कमी करण्याचं.

शांपू बार, म्हणजे शांपूची वडी, म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. लेबलवर सोडियम कोकोएट, सोडियम पामेट असं असेल तर तो साबण. त्याचा पीएच 9 ते 10 च्या आसपास, म्हणजे अल्कलीकडे झुकलेला, असतो आणि जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून तो केसांवर थर सोडतो. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट सुरुवातीलाच लिहिलं असेल तर तो साबण नाही आणि जड पाण्यातही नीट निघतो. ‘आठवडाभर चिकट वाटेल, मग केसांना सवय होईल’ असं सांगणारे बहुतेक वेळा साबणाचा थरच अंगवळणी पाडून घ्यायला सांगत असतात. वडी फटी असलेल्या तबकडीवर ठेव. पाण्यात राहिली तर निम्मी वाहून जाईल.

घरगुती सफाईच्या कृतींकडे जास्त संशयाने बघ. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून बाटलीत भरायची कृती सगळीकडे फिरते. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात, फेस म्हणजे निसटणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. त्याने फारसं काही साफ होत नाही, आणि झाकण घट्ट लावलं तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. दोन्ही वेगवेगळे वापर: नळावरच्या, किटलीतल्या पांढऱ्या क्षारांवर व्हिनेगर, करपलेल्या भांड्यावर सोड्याची ओलसर पेस्ट. संगमरवरावर व्हिनेगर नको, ते दगडालाच खातं. धुण्याचा सोडा म्हणजे खायचा सोडा नव्हे. तो बराच तीव्र असतो, हातमोजे घाल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांपासून लांब ठेव, ती काळी पडतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल कधीही मिसळू नकोस, क्लोरीन वायू तयार होतो.

घरी केलेलं दंतमंजन प्लास्टिकची ट्यूब वाचवतं खरं, पण त्यात फ्लोराइड नसतं. किडलेल्या दाताच्या बदल्यात ट्यूब वाचवू नये. ट्यूब शेवटपर्यंत पिळून वापर, तेवढं पुरे.

लेबलांची भाषाही शिकून घे. त्रिकोणातला 1 ते 7 हा आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो: 1 म्हणजे पीईटी, 2 एचडीपीई, 5 पॉलिप्रॉपिलीन. तुझ्याकडचे कचरा गोळा करणारे तो प्रकार घेतात की नाही, हे त्यावरून कळत नाही, त्यांनाच विचारावं लागतं. ‘कंपोस्टेबल’ म्हणून येणाऱ्या पीएलएच्या, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकच्या, पेल्यांना साठेक अंश तापमान टिकवणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. घरच्या कुंडीत ते तसेच राहतात. बांबूच्या टूथब्रशचे केस बहुधा नायलॉनचेच असतात, दांडा मातीत टाकण्याआधी ते पकडीने उपटून काढ. बहुतेक कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो.

कापडी पिशव्या मात्र आता आणखी जमवू नकोस. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018 च्या अभ्यासात, हवामानावरच्या परिणामापुरतं पाहिलं तरी सुती पिशवी किमान 52 वेळा वापरली तर ती प्लास्टिकच्या एका पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस पिकवायला आणि कापड बनवायला लागणारं पाणी, खत, वीज हे त्यामागचं कारण. जुन्या कपड्याची पिशवी शिवली तर हा हिशेब बराच हलका होतो. काचेच्या बरण्यांची रांग लावण्यासाठी घरातले धड प्लास्टिकचे डबे टाकून देणं हाही असाच उफराटा व्यवहार. चरे पडलेल्या डब्यात गरम किंवा तेलकट काही ठेवू नकोस, पण खिळे, बटणं, वायरी ठेवायला ते आणखी कित्येक वर्षं चालतील.

आता त्या सेव्ह केलेल्या पोस्ट. वहीत चार रकाने आख: वस्तू, उपाय, सुरू केल्याची तारीख, आणि चौथा सध्या रिकामा ठेव. तुझ्या दोन ढिगांशी संबंध नसलेली प्रत्येक पोस्ट काढून टाक. उरलेल्यांतला एकच उपाय घे आणि घरातली आहे ती वस्तू संपल्यावरच तो सुरू कर. तीन-चार आठवडे दुसरं काही बदलू नकोस. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि घरचे वैतागले, तर नेमकं कशाने बिनसलं ते कळत नाही आणि पाचही गोष्टी बंद पडतात. उपाय फसला तर चौथ्या रकान्यात कारण लिही: गळालं, वास आला, धुवायला वेळ गेला. पुढच्या वेळी शोधायचे शब्द तुला तिथेच मिळतील.

तीन महिन्यांनी पुन्हा खोकं ठेव, तेवढ्याच माणसांचा, तसाच साधा आठवडा बघून. दोन्ही वेळचे आकडे मला कळव, आणि चौथा रकानाही पाठव.

कळावे.