गाडी मीच चालवत होते

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोन करून 'असलं काही करू नकोस' एवढंच सांगता आलं असतं. तू ऐकलंही असतंस, पण का नको ते तुला कळलं नसतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी मला जे समजलं ते मांडते. रविवारी रात्री अटल सेतूवरून उलव्याला येताना तुझी गाडी शंभराच्या मर्यादेपुढे गेली आणि कॅमेऱ्यात सापडली. गाडी कंपनीच्या नावावर असल्यामुळे ई-चलान कंपनीला आलं आणि ॲडमिनने तुला फॉर्म पाठवला: 'सदर वेळी वाहन कोण चालवत होते?' तुझं हे वर्षातलं दुसरं चलान. आता कंपनीच्या नियमाप्रमाणे गाडीची सोय जाणार, याची तुला धास्ती आहे. शेजारी बसणाऱ्याने उपाय सुचवला की ऑफिसच्या ड्रायव्हरकाकांचं नाव टाक, सगळे तेच करतात. काकाही म्हणाले, "टाका मॅडम, त्यात काय एवढं." दंड तू भरणार, वर त्यांना दिवाळीला काहीतरी देणार.

'ते स्वतःहून हो म्हणाले' हे तू पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस. म्हणजे तुझ्याही मनात तिथेच खुपतंय. तेव्हा त्यापासूनच सुरुवात करू.

काका एजन्सीमार्फत कंत्राटावर आहेत. त्यांची ड्युटी कोणत्या गाडीवर लागणार, ओव्हरटाइमवर सही कोण करणार, कंत्राट पुढे चालू राहणार की नाही, हे तुझ्याच मजल्यावर ठरतं. अशा माणसाला तू विचारलंस तर तो दुसरं काय बोलणार? 'नाही' म्हणायची सोय ज्याला नाही, त्याच्या 'हो'वर विसंबू नये. तू त्यांना धमकावलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुझी त्या ऑफिसमधली जागाच तेवढं काम करून गेली.

आता त्यांनी नेमकं काय देऊ केलंय ते बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार वेगमर्यादा ओलांडली तर हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड आहे. तुला वाटतं, प्रकरण एवढ्यावर मिटेल. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की हा गुन्हा दुसऱ्यांदा घडला तर चालकाचं लायसन्स जप्त होतं. तुझं लायसन्स गेलं तर तुझी गैरसोय होईल. त्यांचं गेलं तर त्या महिन्याचा पगार जाईल. आणि तुझ्यासारखे चार जण त्यांच्याकडे आले, तर न केलेले चार गुन्हे त्यांच्या नावावर चढतील. परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर लायसन्स नंबर टाकूनही चलानं शोधता येतात. उद्या ते दुसरीकडे नोकरी मागायला गेले आणि तिथल्या मालकाने हे बघितलं, तर 'साहेब, तेव्हा मी गाडीत नव्हतोच' या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल? तू दंड भरशील, पण ती नोंद त्यांच्या नावावरून पुसायला जाणार नाहीस.

कायद्याची दुसरी बाजू तुझ्या कंपनीची आहे. कलम १३३ प्रमाणे अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारलं, तर चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणं हे गाडीच्या मालकाचं कर्तव्य आहे. ते पाळलं नाही तर कलम १८७ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तू फॉर्ममध्ये जे लिहिशील तेच कंपनी पुढे कळवणार. ॲडमिनमधला तो मुलगा तुझ्यावर विश्वास ठेवून सही करेल आणि खोट्या माहितीखाली त्याची सही राहील. त्यात रविवार हा काकांचा सुटीचा दिवस. हजेरीपटावर ते गैरहजर आहेत, मग तिथे कोणाला तरी खाडाखोड करावी लागेल. टोलवर फास्टॅगची वेळ नोंदलेली आहे. त्या वेळी तुझा फोन सेतूवर होता आणि त्यांचा फोन त्यांच्या घरी. कोणी शोधायला जाणार नाही, असं तू म्हणशील. बहुतेक वेळा नाहीच जात. पण ज्या दिवशी कोणी बघेल, त्या दिवशी हे सगळं आयतं समोर असेल.

बाहेरच्या देशांत हे झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात मार्कस आइनफेल्ड नावाचे निवृत्त न्यायाधीश होते, मानवी हक्कांच्या कामासाठी नावाजलेले. २००६ मध्ये त्यांना वेगाबद्दल ७७ डॉलरचा दंड झाला. तो चुकवायला त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं की गाडी आपली एक मैत्रीण चालवत होती. ती बाई २००३ मध्येच वारली होती, हे एका वार्ताहराने शोधून काढलं. एक खोटं झाकायला त्यांनी आणखी खोटं रचलं आणि २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये क्रिस ह्यून या राजकारण्याच्या गाडीचा २००३ मधला वेगाचा गुन्हा त्यांच्या पत्नी विकी प्राइस यांनी स्वतःवर घेतला, म्हणजे पेनल्टी पॉइंट (तिथे गुन्ह्यागणिक लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) तिच्या लायसन्सवर लागले. पुढे ह्यून मंत्री झाले, संसार मोडला आणि आठ वर्षांनी ती गोष्ट बाहेर आली. मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. नीट लक्षात घे, ज्याने नाव ढकललं तो आणि जिने घेतलं ती, दोघंही तुरुंगात गेले. तिथला कायदा वेगळा, शिक्षाही वेगळी. पण नवरा-बायकोतलं गुपितसुद्धा टिकत नाही, तिथे ऑफिसच्या चहाच्या टपरीवर ठरलेलं किती टिकेल?

आपल्याकडे याचं जे रूप मी पाहते ते जास्त भयंकर आहे. ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात इतकी वर्षं काम करताना एक प्रकार वारंवार समोर येतो. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स नसतं किंवा तो मालकाचा मुलगा असतो. मग लायसन्स असलेला कोणीतरी पुढे उभा केला जातो. विमा कंपनी चालकच बदलल्याचा मुद्दा काढते, साक्षी लांबतात आणि ज्या घरातला माणूस गेला ते घर भरपाईसाठी ताटकळत राहतं. पुढे केलेला चालक पिंजऱ्यात उभा राहून, न पाहिलेला अपघात वर्णन करत असतो. घाम पुसत असतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, ते प्रकरण तुला आठवत असेल. त्यातही घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घे म्हणून दबाव आणल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. तुझं प्रकरण त्याच्या जवळपासही जात नाही, मान्य. पण आज दंडापुरतं ड्रायव्हरचं नाव वापरता येतं असं ज्या ऑफिसात रुळतं, तिथे उद्या अपघात झाला तर पहिला विचार कोणाच्या नावाचा येईल, ते तूच सांग.

एक गोष्ट मात्र वेगळी काढते, नाहीतर तुझा गैरसमज होईल. गाडी खरंच दुसरं कोणी चालवत असेल तर त्याचं नाव जरूर सांगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चलान आलं की फोटो उघडून नंबरप्लेट, गाडीचा रंग, ठिकाण, वेळ तपासावी. आपल्या गाडीचा नंबर स्वतःच्या गाडीवर लावून फिरणारे लोक असतात, कॅमेराही कधी अक्षर चुकीचं वाचतो. तसं असेल तर पुराव्यासह ऑनलाइन तक्रार करता येते आणि ती करावीच. स्वतःच्या हक्कासाठी भांडायला मी तुला कधीही अडवणार नाही.

आणि वेगाचं काय? तू त्यावर एक ओळही लिहिली नाहीस, म्हणून मी लिहिते. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे. ताशी शंभरने तो ओलांडायला तेरा मिनिटं लागतात, एकशेवीसने अकरा. दोन मिनिटांसाठी तू धडकेची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढवलीस. सेतूवर रात्री एखादी गाडी बंद पडून उभी असते, दिवे लागलेले असतातच असं नाही. तुझी आई त्या वेळी जेवण झाकून तुझी वाट बघत होती. चलानापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

आता काय करायचं ते सांगते. फॉर्ममध्ये एवढंच लिही: 'सदर वेळी वाहन मी स्वतः चालवत होते. दंड मी भरत आहे.' कारणं जोडू नकोस. मग काकांना भेट, मेसेज नको, आणि सांग की तुमचं नाव दिलेलं नाही, विचारायलाच नको होतं. दिवाळीला त्यांना जे द्यायचं ते दे, पण याच्याशी जोडू नकोस. सहकाऱ्याला उपदेश करायची गरज नाही. त्याने विचारलं तर तू काय लिहिलंस तेवढं सांग.

गाडी जाईल कदाचित. मग खारकोपरहून नेरूळ, नेरूळहून ठाण्याची लोकल पकडून कोपरखैरणे आणि तिथून महापेला रिक्षा. पावसाळ्यात हाल होतील, सकाळी घरातून लवकर निघावं लागेल, हे मी नाकारत नाही. सहा महिन्यांनी गाडी परत मिळण्यासाठी कंपनीत अर्ज करता येतो का, ते एचआरला विचारून ठेव. अर्ज लिहिताना मदत लागली तर शनिवारी कोर्टाला सुटी असेल तेव्हा घरी ये, बसून लिहू.

तुझी,
मावशी