मेकॅनिकलची लेक आणि बायोसेन्सरचा प्रोजेक्ट

नमस्कार. पलूसहून तुम्ही लिहिलंय, की लेक सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि शेवटच्या वर्षी तिला ऑप्टिकल बायोसेन्सरचा (नमुन्यातले ठरावीक रेणू प्रकाशाच्या मदतीने ओळखणाऱ्या उपकरणाचा) फ्लो सेल, म्हणजे नमुना ज्यातून वाहतो ती छोटी पेटी, बनवायचाय. तुम्ही पंपाच्या कारखान्यात नोकरी केलेले, त्यामुळे ‘हे डॉक्टरी काम, यात हिला कोण घेणार?’ ही काळजी.

अहो, हे काम मेकॅनिकलचंच आहे. अशा एका सेन्सरमध्ये काचेवर साधारण 50 नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. त्यावर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूच पकडणारी प्रथिनं, बसवतात, वरून नमुना वाहतो, रेणू चिकटले की परावर्तित प्रकाशात फरक पडतो. इथपर्यंतचं बघायला केमिस्ट्री-फिजिक्सवाले आहेत. अडतं ते वाहण्यापाशी. चेंबर चौकोनी ठेवून बारीक छिद्रातून नमुना सोडला, तर मधला पट्टा लगेच भरतो आणि कोपऱ्यांत जुनंच द्रावण रेंगाळतं. उसाला पाणी देताना एखादा कोपरा कोरडा राहतो ना, तसं. मग कोपऱ्यातला सिग्नल उशिरा चढतो आणि रेणू चिकटण्याचा वेग चुकीचा निघतो.

पंपात पाणी घुसळतं, इथे तसं होत नाही. 100 मायक्रॉन उंच, 1 मिलिमीटर रुंद चॅनेल आणि सेकंदाला 1 मिलिमीटर वेग धरला, तर रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह घुसळेल की शांत वाहील हे सांगणारा आकडा; तो लहान तेवढा प्रवाह शांत) 1च्याही खाली येतो. घुसळण नाही म्हटल्यावर कोपरे साफ करायचे ते आकारानेच. इनलेट, म्हणजे नमुना आत येण्याचा मार्ग, हळूहळू रुंद करत न्यायचा, कोपरे काढून टाकायचे, बुडबुडा अडकेल अशी जागा ठेवायची नाही.

तिला सांगा, ओपनफोम हे प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आधी त्यात दोन-तीन आकार चालवून बघ. पण तिथे थांबू नको. ॲक्रिलिक आणि दुहेरी चिकटपट्टी लेझरवर कापून सेल जोड, सिरिंज पंपाने खाण्याचा रंग सोड आणि वरून व्हिडिओ घे. रंग कोपऱ्यात कधी पोचला, हे कॉम्प्युटरच्या उत्तराशी ताडून बघ. मुलाखतीत नुसत्या रंगीत चित्रांपेक्षा हा व्हिडिओ जास्त बोलेल, असं माझं ठाम मत आहे.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. फक्त या कामाच्या जागा सांगली-मिरजेत शोधू नका. पुणे, बंगळुरूची तयारी ठेवा आणि एम.टेक. धरूनच चाला. गेट या प्रवेश परीक्षेतून एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंगचा विभाग आहे, बंगळुरूच्या आयआयएससीत नॅनो सायन्सचं केंद्र आहे. मेकॅनिकलच्या मुलांना कुठे अर्ज करता येतो, ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तिला स्वतः वाचू द्या. आणि हे नाहीच जमलं, तरी फ्लुइड मेकॅनिक्स पक्कं झालेली मुलगी तुमच्या पंपाच्या धंद्यातही उभी राहू शकते.