भावगीतांच्या मंचासाठी परवडणारा कीबोर्ड

प्रश्न : मी आमच्या भजनी मंडळात अनेक वर्षे संवादिनीची साथ करतो. आता गावातल्या हौशी वाद्यवृंदात भावगीते आणि नाट्यगीतांसाठी कीबोर्ड वाजवण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. तबलावादक आमच्याकडे आहे. साधारण 50,000 रुपयांत शेकडो ताल आणि अंगचे स्पीकर असलेला कीबोर्ड घ्यावा, की सिंथेसायझर? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तबलावादक सोबत आहे, या एका वाक्याने निम्मा निर्णय झाला आहे. यामाहाच्या पीएसआर किंवा कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेतील भारतीय बाजारासाठी काढलेली मॉडेले घरच्या रियाजाला आणि एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याला सोयीची आहेत. परंतु त्यांतला आपोआप वाजणारा केरवा ताल ठरलेल्या गतीनेच चालतो आणि गायिकेने एखादा शब्द जरा रेंगाळत घेतला, तर तो तिच्यासाठी थांबत नाही. मंचावर ध्वनियंत्रणा असतेच, त्यामुळे अंगच्या स्पीकरचेही तिथे फारसे काम नसते. म्हणून आपण रोलँडच्या एक्सपीएस-10 सारखा, 61 पट्ट्यांचा, भारतीय वाद्यांचे आवाज असलेला आणि स्पीकर नसलेला सिंथेसायझर आधी पाहावा, असे माझे मत आहे. किमती बदलत असल्याने दोन-तीन दुकानांत चौकशी करावी.

आवाज किती आहेत, हे विक्रेता आवर्जून सांगेल. त्याकडे फारसे लक्ष देऊ नये. प्रत्यक्ष कार्यक्रमात पियानो, व्हायोलिनचा समूह, बासरी, संतूर, ऑर्गन असे आठ-दहा आवाजच पुन्हा पुन्हा लागतात, आणि ते गाण्यांच्या क्रमाने साठवून एका बटणावर मिळतात का, हा खरा प्रश्न आहे. दुकानात एक सूर दाबून धरून आवाज बदलून पाहावा. काही वाद्यांत आधीचा सूर तिथेच तुटतो, आणि हा दोष मुखड्यातून अंतऱ्यात जाताना हमखास उघडा पडतो.

पट्टी बदलण्याची सोय, म्हणजे ट्रान्स्पोज, मात्र नीट समजून घ्यावी. आपल्या बोटांना काळी 1 ची, म्हणजे पहिली काळी पट्टी सा मानून वाजवण्याची, सवय आहे आणि गायक काळी 2 मध्ये गाणार आहे, तर आकडा दोनने वाढवावा लागतो, कारण प्रत्येक आकडा एका अर्धस्वराचा असतो. गायिका काळी 4 मध्ये गाणार असेल, तर सात वर किंवा पाच खाली असे दोन्ही मार्ग आहेत. सात वर नेल्यास बासरी कर्कश वाटू शकते आणि पाच खाली नेल्यास व्हायोलिनसमूह जड होऊ शकतो, त्यामुळे तालमीतच दोन्ही ऐकून ठरवावे. हा आकडा काही वाद्यांत प्रत्येक आवाजासोबत साठवला जातो, तर काहींत तो संपूर्ण वाद्याला लागू राहतो आणि पुढच्या गाण्यातही तसाच राहतो. आपले वाद्य यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे पहिल्या कार्यक्रमाआधी माहीत असलेच पाहिजे.

संवादिनीवादकाला सर्वाधिक चुकल्यासारखे वाटते ते भात्याविना. सूर लागल्यानंतर तो फुलवण्याचे काम डावा हात करतो. कीबोर्डवर बोटाचा आघात सुराची सुरुवात ठरवतो, पण लांबलेला सूर वाढवायचा तर एक्स्प्रेशन पेडल लागते. ते जोडण्याची सोय वाद्याला आहे का, हे विचारावे. सस्टेन पेडल, म्हणजे बोट उचलल्यावरही सूर लांबवणारे पेडल, मात्र नाट्यगीताच्या तानेत दाबू नये. शेजारचे सूर एकमेकांत मिसळतात आणि तान गढूळ होते. सूर वर-खाली सरकवण्याच्या सोयीची, म्हणजे पिच बेंडची, मर्यादा बहुधा दोन अर्धस्वरांची असते, आणि छोट्या मींडीला ती पुरते.

प्रश्न : कीबोर्ड घरी हेडफोनवर उत्तम ऐकू येतो, पण मंचावर जोडला की घुमल्यासारखी गुणगुण सुरू होते, आणि काही वेळा आवाजाचा अर्धा भागच ऐकू येतो. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. अर्धा भाग हरवतो, कारण स्टिरिओ वाद्याची एकच वायर जोडलेली असते. एकच वायर उपलब्ध असेल, तर ती 'एल/मोनो' असे लिहिलेल्या छिद्रात लावावी. गुणगुण बहुधा दोन कारणांनी येते : कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत साधी लांब वायर टाकलेली असते, किंवा मंचावरची उपकरणे आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडलेले असतात. कीबोर्डजवळ डी. आय. बॉक्स, म्हणजे वाद्याचा आवाज माइकच्या वायरीतून नेण्याजोगा करणारी छोटी पेटी, ठेवून तिथून पुढे माइकची वायर वापरली, की पहिला प्रश्न सुटतो. त्या बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे, म्हणजे माइकच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारे, बटण दुसरा सोडवते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून कोणत्याही परिस्थितीत करू नये. डी. आय. बॉक्स ध्वनियंत्रणावाल्याकडे आहे का, हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.