नवीन वायरिंगनंतर ठेकेदाराकडून नेमका कोणता कागद घ्यावा?

आपण विचारले आहे की, पुण्यातील जुन्या सदनिकेचे वायरिंग संपूर्ण नव्याने करून घेतले, दोन एसी बसवायचे म्हणून मंजूर भारही वाढवायचा आहे, वायरमन ‘पक्के बिल दिले आहे, तेवढे पुरे’ असे म्हणतो आणि महावितरणच्या कार्यालयात मात्र टेस्ट रिपोर्ट मागितला. तर यांतला खरा कागद कोणता? बिल हा पैसे दिल्याचा पुरावा आहे, वायरिंग तपासल्याचा नव्हे. आपल्याला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्टच लागेल. एवढे सांगून मी थांबलो असतो. पण ‘तेवढे पुरे’ हे शब्द मी आमच्याच नात्यात गेली बारा-तेरा वर्षे ऐकत आलो आहे.

कोणत्या कामाला कोणता कागद, हे ओळखण्याची खूण १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती, आणि तिचा गाभा पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांतही राहिला. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलताना मांडणीची क्षमता व स्वरूप बदलत नसेल, तर ते काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचे बंधन नाही. त्यापलीकडचे प्रत्येक काम, मग ती भर असो, बदल असो वा दुरुस्ती, परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातूनच झाले पाहिजे. संपूर्ण वायरिंग बदलणे आणि भार वाढवणे यांत क्षमता आणि स्वरूप दोन्ही बदलतात. वायरमनचा परवाना त्याला काम करण्याचा अधिकार देतो, टेस्ट रिपोर्ट देण्याचा नाही; त्यामुळे आपला वायरमन कितीही भला असला, तरी ज्या ठेकेदाराच्या परवान्याखाली त्याने काम केले, त्याचे नाव त्याला सांगावेच लागेल. ते नाव सांगताना तो चाचरला, तर काय समजायचे ते आपण समजून घ्यावे.

२०१२ साली माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, कराडला, वरचा मजला बांधून झाला आणि भाडेकरूसाठी वेगळे मीटर घ्यायचे ठरले. मी तेव्हा एका ठेकेदाराकडे पर्यवेक्षक होतो, म्हणून दाजींनी वायरिंग गावातल्या ओळखीच्या मुलाकडून करून घेतले आणि ‘सहीला आपला माणूस आहेच’ असे परस्पर जाहीर करून टाकले. मी रविवारी मेगर (वायरच्या आवरणाचा विद्युत रोध मोजणारे उपकरण) घेऊन गेलो. उपकरणे सुटी करून, ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन प्रत्येक सर्किटची वायर आणि अर्थिंग यांच्यामधला रोध मोजला. खोल्यांची सर्किटे उत्तम निघाली. न्हाणीघराच्या सर्किटचा काटा मात्र ०.२ मेगओमवर अडकला, आणि किमान एक मेगओम तरी हवा असतो. शिवाय वॉशिंग मशीनच्या पॉइंटची हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर बोर्डामागे नुसती गुंडाळून ठेवलेली होती. डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या वीजवाटप पेटीपर्यंत, ती पोचलेलीच नव्हती. मी सही केली नाही. दोष शोधायला फरशा काढाव्या लागतील, असे मी सांगितले तेव्हा त्या बसवून जेमतेम आठवडा झाला होता आणि वास्तुशांत चार दिवसांवर आली होती. पंगतीची यादी करणाऱ्या नातेवाइकांसमोर दाजी म्हणाले, “तुझी सही म्हणजे काय रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची आहे का? कागदच तर लागतो.”

कागद दोन दिवसांत आला. ज्या ठेकेदाराने तो दिला, त्याने जिन्याची एक पायरीही चढली नव्हती. सर्व सर्किटांपुढे ‘५० मेगओम’ असा एकच आकडा एकाच शाईने, एका दमात लिहिलेला होता. भिंतीतल्या वायरा अशा एकमताने कधीच वागत नाहीत. प्रत्येक सर्किटची लांबी, सांधे आणि ओल वेगळी असते. आकडे सारखे दिसले की ते खुर्चीत बसून लिहिले आहेत, असे मी आजही बेधडक समजतो. मीटर मात्र बसले.

तिसऱ्या पावसाळ्यात भाडेकरूच्या बाईंना वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. उपाय म्हणून मशीनपुढे लाकडी फळी आली, आणि ओल वाढली की आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो म्हणून कोणीतरी तोच बाजूला काढून वायर थेट जोडून दिली. मला बोलावले तेव्हा दाजींनी आधी फाइल उघडून तो पन्नासचा रिपोर्ट दाखवला. हिरवी वायर होती तशीच बोर्डामागे गुंडाळलेली होती. मशीनमधल्या फिल्टरची अगदी थोडी गळती अर्थमध्ये जायची असते. वाट नसेल तर ती मशीनच्या पत्र्यावर बसून राहते आणि हात लावणाऱ्याला जाणवते. तो भाग अर्ध्या तासात सुधारला. न्हाणीघराच्या सर्किटसाठी अकरा फरशा फोडाव्या लागल्या. झिरीतल्या पाइपच्या बेंडपाशी वायर ओढताना तिचे आवरण सोलले गेले होते.

दाजींचा निष्कर्ष मात्र असा की, ‘बघ, दोष वायरमध्ये होता, कागदाने काय फरक पडला?’ हे वाक्य ते अजूनही लग्नाकार्यात ऐकवतात, आणि अडचण अशी की ते अर्धे खरे आहे. न मोजता दिलेल्या कागदाने खरोखरच काही फरक पडला नाही. म्हणून माझा आपणास आग्रह आहे की रिपोर्टची प्रत घेण्यापूर्वी ठेकेदाराने आपल्या डोळ्यांदेखत मेगर लावावा, आकडे सर्किटवार लिहावेत, अर्थिंगचा रोध मोजावा आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून दाखवावे. कागदावर ठेकेदाराचा परवाना क्रमांक व त्याची मुदत, पर्यवेक्षकाचा प्रमाणपत्र क्रमांक, आपला पत्ता, ग्राहक क्रमांक, जोडलेल्या भाराची यादी आणि तपासणीची तारीख हवी. यादीत दोन्ही एसी आणि गिझर आजच लिहून घ्यावेत. नाहीतर उन्हाळ्यात हाच फेरा पुन्हा मारावा लागेल. इंटिरियरवाल्याचे ‘सर्व काम दर्जेदार साहित्यात केले’ हे पत्र, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि वायरच्या खोक्यावरील आयएसआयचा शिक्का यांपैकी एकही गोष्ट टेस्ट रिपोर्टची जागा घेत नाही.

आता राहिलेल्या गोष्टी. एखाद-दुसरा पॉइंट वाढवला असेल, तर कार्यालयात बहुधा कोणी रिपोर्ट मागणार नाही; बिलावर ठेकेदाराचा परवाना क्रमांक लिहून घ्यावा. आपली इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल, तर इमारतीच्या एकूण मांडणीचा विषय विद्युत निरीक्षकांकडे जातो. तो सोसायटीने पाहायचा असतो, पण वाढीव भार मुख्य केबलला झेपतो का, हे सचिवांना लेखी विचारून ठेवावे. मी लिहिले ते महावितरणच्या क्षेत्रापुरते आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांच्या ग्राहकांनी त्यांचा स्वतःचा नमुना मागून घ्यावा. आणि पीओपीचे काम अजून बाकी असेल, तर ते चार दिवस थांबवून आधी मेगर लावून घ्यावा. आमच्याकडे नुसत्या अकरा फरशा होत्या, आपल्याकडे अख्खे छत उतरवावे लागेल.